तीन नंबरचं मशीन

"खोका गेला, मंडळी! आता माझा आख्खा ॲम्प या टॅबमध्ये!"

दातांच्या डॉक्टरांनी बँडच्या ग्रुपवर ही घोषणा केली आणि पुरावा म्हणून टॅबचा फोटोही टाकला. फोटोत टॅबच्या पडद्यावर कोणाच्या तरी अक्कलदाढेचा एक्स-रे दिसत होता, पण उत्साहाच्या भरात ते त्यांच्या लक्षातच आलं नाही.

बँड म्हणजे चार मध्यमवयीन माणसं. ड्रमवर हाडांचे डॉक्टर, कारण ठोकाठोकीची सवय. बेस गिटारवर गुरांचे डॉक्टर. गायला मेडिकल दुकानाचे मालक, कारण सरावाची जागा त्यांची. आणि मुख्य गिटारवर आपले दातांचे डॉक्टर, कारण मुख्य गिटार त्यांनी आधीच विकत घेऊन ठेवली होती. संध्याकाळी गावातल्या डॉक्टर मंडळींचं स्नेहसंमेलन होतं आणि त्यात बँडचा पहिलाच जाहीर कार्यक्रम.

आता खोका म्हणजे काय, ते सांगायला हवं. विजेची गिटार नुसती वाजवली तर कपडे वाळत घालायच्या तारेएवढाच आवाज येतो. तो आवाज मोठा करायचा, खरवडायचा, फाडायचा, रडवायचा, यासाठी ॲम्प नावाचा एक काळा खोका लागतो. डॉक्टरांचा खोका भलताच जड होता. तो घरात बरोबर वॉशिंग मशीनच्या जागी बसला होता आणि बरीच वर्षं त्यावर टॉवेल वाळत होते. शेवटी बायको म्हणाली, "एक तर मशीन येईल, नाहीतर मी जाईन." मशीन आलं. खोका गुरांच्या डॉक्टरांकडे गेला.

पण डॉक्टर हार मानणारे नव्हते! त्यांनी शोध लावला, की हल्ली खोक्याची नक्कल करणारी ॲप्स मिळतात. गिटारची वायर एका छोट्या डबीत, डबी टॅबमध्ये, की झालं. पडद्यावर खोक्याचं चित्र येतं, बटणं येतात, हलणारा काटासुद्धा येतो. तीन ॲप्स त्यांनी एकेक दिवसाच्या फुकट बोलीवर उतरवून घेतली होती. दुपारच्या सुट्टीत दवाखान्यात तिन्हींची तुलना करायची, सर्वोत्तम निवडायचं आणि संध्याकाळी खांद्याला गिटार, काखेत टॅब अशा थाटात स्टेजवर चढायचं, असा बेत ठरला.

बेतात एकच गोष्ट आडवी येत होती. सासरे.

सासरे म्हणजे निवृत्त पोहण्याचे मास्तर. गावातली निम्मी माणसं त्यांनी मानगूट धरून पाण्यात फेकली होती आणि ती पोहायला शिकली होती. आवाज असा, की तलावाच्या या टोकाला "पाय मार!" म्हणाले तर त्या टोकाचा माणूस पाय मारायचा. अशा या मास्तरांना जगात फक्त दातांच्या खुर्चीची भीती वाटत होती. अर्थात ते स्वतः तसं कधी म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, "दातांचे डॉक्टर म्हणजे काय डॉक्टर असतात का? डॉक्टर म्हणजे नाडी बघतो तो!"

घरात मुलगी दातांची डॉक्टर, जावई दातांचा डॉक्टर, दोघांचा मिळून एकच दवाखाना, आणि मास्तर मात्र वर्षानुवर्षं गालाला लवंगेचं तेल चोळत बसलेले. आता दाढ इतकी ठणकायला लागली, की झोप उडाली. मुलीने हातापाया पडून कबूल करून घेतलं, पण त्यांनी अट घातली.

"तू हात लावायचा नाहीस. लहानपणी तू बाहुल्यांचे पाय उपटायचीस, मी बघितलंय. काय करायचं ते जावई करतील. आणि त्यांनी नीट केलं नाही, तर पुन्हा या विषयावर माझ्याशी बोलायचं नाही."

खरं म्हणजे दोघांत हात कोणाचा चांगला, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. "डॉक्टरीणबाई आहेत का?" असं विचारूनच लोक अपॉइंटमेंट घ्यायचे. पण मास्तरांपुढे कोण बोलणार?

त्या दुपारी डॉक्टरीणबाईंनी वडिलांना वेटिंग रूममध्ये आणून बसवलं आणि नवऱ्याला बाजूला घेतलं.

"मी लॅबमधून कवळी घेऊन येते. काउंटरवरची ताई जेवायला गेलीय. मी येईपर्यंत बाबांना फक्त बसवून ठेव. बसवून! ते घाबरतील असं काहीही करू नकोस. आज ते उठून गेले, तर पुन्हा कधी येणार नाहीत. दाढेत पू झालाय अरे. काही झालं तर मी तुला माफ करणार नाही, सांगून ठेवते."

"अगं, मी काय करणार आहे? मी तर आत एकटाच बसणार. आवाजसुद्धा होणार नाही!"

हे त्यांनी अगदी मनापासून सांगितलं होतं.

वेटिंग रूममध्ये मास्तरांखेरीज आणखी तिघं लवकर येऊन बसले होते. एक शिंपीदादा, एक शाळेतल्या बाई आणि गाल सुजलेला एक जिमवाला. कोपऱ्यातल्या कुंडीमागच्या स्पीकरमधून झऱ्याचा खळखळाट चालू होता आणि मधूनच एखादा पक्षी बोलत होता. पेशंटची मनं शांत राहावीत म्हणून काउंटरवरची ताई रोज सकाळी टॅबवरून हे लावून द्यायची. तोच टॅब काउंटरवरून उचलून डॉक्टर आत गेले.

आतली खोली त्यांनी मुद्दाम बंदिस्त करून घेतली होती. ड्रिलचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दाराला जाड गादी ठोकलेली, आणि दारावर एक लाल दिवा. तो पेटला की आत पेशंट आहे, कोणी यायचं नाही! डॉक्टरांनी दार लावलं. कोणी मध्येच येऊ नये म्हणून लाल दिवा लावला. कानांवर बिनवायरचा हेडफोन चढवला. पेशंटच्या खुर्चीत स्वतः आडवे झाले, पोटावर गिटार घेतली, पहिलं ॲप उघडलं आणि तारांवर एक जोरदार फटका मारला.

काहीच नाही.

पडद्यावरचा काटा तर टुणकन उडाला. पण कानात चिडीचूप! डॉक्टरांनी पुन्हा फटका मारला. काटा पुन्हा उडाला. आवाज नाही. तेवढ्यात त्यांना गुरांच्या डॉक्टरांचं बोलणं आठवलं. ते म्हणाले होते, "बिनवायरचा हेडफोन वापरू नकोस. आवाज उशिरा येतो."

"असं आहे होय! उशिरा येत असेल."

मग डॉक्टर वाट बघत बसले. पंखा फिरत होता. भिंतीवरच्या चित्रातली दाढ हसत होती. पोस्टाने मागवला असता तरी एव्हाना आवाज आला असता! मग त्यांनी बटणं फिरवायला घेतली. खरवड वाढवली, धार वाढवली, शेवटी सगळी बटणं टोकाला नेली आणि पुन्हा वाजवलं. एक लांबलचक स्वर घेतला, तार वर ओढली, थरथरवली, खाली घसरवली. काटा वेड्यासारखा नाचत होता आणि कानात मात्र नीरव शांतता.

"हे ॲप बोगस," डॉक्टरांनी निकाल दिला. मग शंका आली, की दोष गिटारचा तर नसेल? वायर घुसते तिथला नट जरा ढिला वाटत होता. आता नट आवळायला पान्हा कुठून आणायचा? ट्रेमध्ये दाढ उपटायची मोठी पकड होती. तिने त्यांनी नट आवळला. चांगला घाम निघाला. मग टॅबची चार्जिंगची वायर आणायला, पकड हातात तशीच ठेवून, हेडफोन गळ्यात टाकून ते बाहेर आले.

वेटिंग रूममध्ये स्मशानशांतता होती. झरा कधीच आटला होता, पक्षी उडून गेले होते. चौघंही जण त्यांच्या हाताकडे बघत होते.

शिंपीदादांनी धीर करून विचारलं, "डॉक्टर, आत... फार अवघड आहे का?"

डॉक्टरांना बरं वाटलं. कोणीतरी कलेची चौकशी केली! "अवघड म्हणजे काय, दादा! मघापासून खपतोय, पण आवाजच काढत नाही!"

"काढत नाही?" बाई किंचाळल्याच. "अहो, आम्हाला इथे..."

जिमवाल्याने त्यांना कोपराने ढोसलं. 

"पण मी सोडणार नाही!" पकड हवेत हलवत डॉक्टर म्हणाले. "एकाला जमलं नाही तर दुसरा, दुसऱ्याला नाही तर तिसरा. संध्याकाळपर्यंत कोणीतरी लागेलच हाताला. बाबा, तुम्ही आरामात बसा बरं का. तुमचाच नंबर आहे पुढे!"

मास्तरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. डॉक्टरांना वाटलं, दाढ ठणकत असेल. एवढ्या चार शहाण्या माणसांच्या तोंडचं पाणी का पळालंय, हे काही त्यांना कळलं नाही. वायर घेऊन ते आत गेले आणि लाल दिवा पुन्हा पेटला.

दुसरं ॲप. यातही काटा नाचला, आवाज नाही. डॉक्टरांनी यात 'जुना खोका', 'मोठा खोका', 'पेटलेला खोका' असे सगळे प्रकार लावून बघितले. पेटलेल्या खोक्यावर तर त्यांनी संध्याकाळच्या कार्यक्रमातला आख्खा तुकडा वाजवला. ऐकू काहीच येत नसल्याने तो बरोबर वाजला की चुकला, याचा मात्र पत्ता लागला नाही.

आता त्यांचं डोकं गरगरायला लागलं. हेडफोन खराब म्हणावा, तर त्यावर निळा दिवा लुकलुकत होता. डॉक्टरांच्या मते दिवा लुकलुकणं म्हणजे सगळं ठीक असणं. टॅब खराब म्हणावा, तर दाढेचे एक्स-रे छान दिसत होते. आपलेच कान गेले की काय? त्यांनी हेडफोन काढून चुटकी वाजवून बघितली. चुटकी ऐकू आली. जास्तच गोंधळ झाला!

तिसरं ॲप जरा आगाऊ निघालं. उघडताच त्याने विचारलं, "टॅबचा माइकही वापरू का?" डॉक्टर वैतागले होते. त्यांनी न वाचताच "हो" दाबलं. मग गिटार वाजवली. काटा उडाला. आवाज नाही. आता मात्र त्यांचा तोल सुटला आणि ते टॅबला तोंडासमोर धरून बोलायला लागले.

"अरे मेलास का? काढ की आवाज! एवढं करतोय तुझ्यासाठी आणि तू थंडच? थांब, तुला पूर्ण पिळतो! बघतो कसा ओरडत नाहीस!"

त्यांनी पिळलं, म्हणजे बटण हो. आणि गिटारवर असा काही हात चालवला, की पातळ तार तुटली आणि गालाला चाटून गेली.

"आई गं! गेला! हाही गेला! तिन्ही मेले!" ते हताश होऊन म्हणाले. "जाऊ दे. आता बाबांनाच घेतो."

गिटार खुर्चीत ठेवून, टॅब तिच्या शेजारी ठेवून, गालावरचं रक्त पुसत डॉक्टर बाहेर आले.

वेटिंग रूम रिकामी! शिंपीदादा नाहीत, बाई नाहीत, जिमवाला नाही. जमिनीवर एक चप्पल उलटी पडली होती आणि कुंडी आडवी झाली होती. फक्त मास्तर तेवढे खुर्चीत ताठ बसले होते, डोळे समोरच्या भिंतीवर रोखलेले, घामाने शर्ट चिकटलेला.

"बाबा, हे सगळे कुठे गेले?"

मास्तरांनी त्यांच्या रक्ताळलेल्या रुमालाकडे पाहिलं.

तेवढ्यात जिन्यावर धाड धाड पावलं वाजली. हातात कवळीचा डबा घेऊन डॉक्टरीणबाई आल्या, मागोमाग ताई.

"अरे काय चाललंय? शिंपीदादा एका चपलेवर पळत होते! मला म्हणाले, वहिनी, वर जाऊ नका, साहेबांनी तिघांना संपवलंय! कोण आहे आत?"

"आत? कोणी नाही."

"लाल दिवा लागलाय."

"तो मी माझ्यासाठीच लावलाय."

बायकोने त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांना स्वतःचाच संशय आला. ती तडक आत गेली. तिने खुर्चीत बघितलं, खुर्चीखाली बघितलं, हात धुवायच्या बेसिनमागेसुद्धा बघितलं. मग वैतागून खुर्चीतली गिटार उचलायला गेली आणि तिचं बोट तारांना लागलं.

बाहेर, डॉक्टरांच्या पाठीमागे, आडव्या कुंडीच्या मागून एक भीषण किंकाळी उठली! खरवडल्यासारखी, फाडल्यासारखी, ड्रिल थेट मेंदूत शिरल्यासारखी! ताई काउंटरखाली गेली. मास्तरांनी डोळे मिटले. डॉक्टर हळूच वळले. कुंडीमागे तो इवलासा स्पीकर होता. सकाळपासून टॅबला बिनवायरने जोडलेला, झऱ्याचा खळखळाट करणारा स्पीकर.

आता त्यांच्या डोक्यात एकेक गोष्ट उजेडात यायला लागली. पहिलं ॲप. ओढलेला स्वर. पेटलेला खोका. "तुला पूर्ण पिळतो." सगळं इथे. सगळ्यांना. त्यांनाच तेवढं ऐकू आलं नव्हतं! बायकोचं बोलणं आठवलं. दाढेत पू झालाय, आज उठून गेले तर पुन्हा येणार नाहीत.

बायको दारात आली. तिलाही सगळं कळलं होतं. ती ओरडली नाही, उलट तिचे डोळे भरून आले. "एवढंच सांगितलं होतं तुला," ती हळू आवाजात म्हणाली, "फक्त बसवून ठेव."

डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मास्तरांसमोर जाऊन उभे राहिले. "बाबा, ऐका. तुम्हाला वाटतंय तसं काही..."

"काही बोलू नका, जावईबापू." मास्तर उठले. त्यांनी छाती पुढे काढली. "ते तिघं पळाले. मी पळालो नाही. आयुष्यभर लोकांना सांगत आलो, की काठावर उभं राहून थरथरू नका, उडी मारा. आज मी काठावरून परत गेलो, तर ते सगळं खोटं ठरेल. चला."

आणि मास्तर स्वतःच्या पायांनी आत गेले! खुर्चीजवळ थबकून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "आधीचे पेशंट?"

"ते..." डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं.

"मागच्या दाराने गेले, बाबा," ती पटकन म्हणाली. "अगदी ठणठणीत."

गिटार चटकन भिंतीला टेकवण्यात आली. मास्तर खुर्चीत आडवे झाले, डोळे मिटले, तोंड उघडलं. भुलीचं इंजेक्शन दिलेलं त्यांना कळलंसुद्धा नाही, कारण ते दुसऱ्याच, फार भयंकर गोष्टीची वाट बघत होते. ओठ बधिर झाला. डॉक्टरांनी ड्रिल हातात घेऊन चालू केलं. किंऽऽ असा बारीक आवाज झाला.

मास्तरांनी एक डोळा उघडला. मग दुसरा.

"हे काय?"

"ड्रिल, बाबा."

"हे? हा डास? मघाचं मशीन कुठाय?"

"कोणतं मशीन?"

"आता माझ्याशी चलाखी करता?" मास्तर उठून बसले. "तासभर बाहेर बसून ऐकतोय मी! परक्या पेशंटांना ती मोठमोठी मशिनं, आणि घरच्या म्हाताऱ्याला हे खेळणं? सासरा म्हणून हलक्यात काम उरकताय? पोरी, माझी चप्पल कुठाय?"

डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई एकमेकांकडे बघत राहिले. पळून जाण्याएवढं भय पचवलेला माणूस आता अपमानापोटी निघाला होता! खरं सांगावं, तर "तुमच्या जिवाशी खेळ चालला होता आणि जावई गिटार वाजवत होता," हे त्यात आलंच. मग ते चप्पलही न घालता गेले असते.

डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले आणि एकदम आवाज बदलला. "बाबा, बरोबर आहे तुमचं. मोठं मशीन लावू या. पण तीन आहेत. कोणतं लावू?"

मास्तर पुन्हा टेकले. "पहिलं नको. नुसता आरडाओरडा, आत दम नाही. दुसरं सुरुवातीला बरं होतं, पण नंतर चिखलात पाय घातल्यासारखं होत गेलं. काय चाललंय ते उमगेना. तिसरं लावा. त्याचा आवाज सुटा होता. कितीही जोर केला तरी प्रत्येक फटका वेगळा कळत होता."

डॉक्टर तोंड उघडं ठेवून ऐकत राहिले. गावात तिन्ही ॲप्स शेवटपर्यंत ऐकलेला हा एकच माणूस होता! त्यांना राहवेना. "आणि बाबा, स्वर लांबवल्यावर तिसऱ्याचा शेवट कसा वाटला? मऊ, की..."

बायकोने त्यांना करकचून चिमटा काढला.

मग भराभर सूत्रं हलली. "मोठ्या मशीनच्या ठिणग्या उडतात," असं सांगून डॉक्टरीणबाईंनी वडिलांच्या डोळ्यांवर काळा चष्मा आणि चष्म्यावर चार पदरी रुमाल बांधला. ताईने बाहेरचा स्पीकर टॉवेलात गुंडाळून, ऑपरेशनचं सामान असावं अशा गंभीरपणे आणला आणि खुर्चीखाली सरकवला. डॉक्टरांनी टॅबचा माइक आठवणीने बंद केला. राहिला प्रश्न ड्रिल कोण धरणार? दोन्ही हातांत गिटार असलेला माणूस दाढ कोरू शकत नाही. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे चढवले.

"जावईबापू, तुम्हीच करताय ना?" रुमालाखालून आवाज आला.

"मीच, बाबा!" डॉक्टर म्हणाले, आणि राहिलेल्या पाच तारांवर फटका मारला.

खुर्ची हादरली. मास्तरांनी समाधानाने तोंड उघडलं. त्या गदारोळात ड्रिलचं किंऽऽ कुठल्या कुठे बुडालं. डॉक्टरीणबाई वाकून काम करत होत्या, हात स्थिर, चेहरा स्थिर, फक्त खांदे अधूनमधून हसू दाबल्यासारखे हलत होते. कीड निघाली, पू निघाला, दाढ स्वच्छ झाली.

आणि डॉक्टर? डॉक्टर त्या दिवशी पहिल्यांदाच आपला आवाज ऐकत होते. काय आवाज होता! सुटा, भरदार, फटका न् फटका वेगळा! ते रंगात आले, डोळे मिटले, मान हलायला लागली, संध्याकाळचा आख्खा तुकडा त्यांनी वाजवला आणि वर थोडा मनाचाही जोडला. डॉक्टरीणबाई औषध भरून, दाढ तात्पुरती बंद करून, मोजे काढून उभ्या राहिल्या तरी यांचं चालूच. शेवटी बायकोने त्यांच्या पायावर पाय दिला, तेव्हा मशीन बंद झालं.

रुमाल सुटला. मास्तरांनी चूळ भरली, जीभ फिरवून बघितली. डोळ्यांत पाणी आलं.

"काही कळलंसुद्धा नाही!" ते म्हणाले. "एवढं मोठं मशीन, आणि हात काय हलका! जावईबापू, आजवर मी तुम्हाला डॉक्टर मानत नव्हतो. चुकलं माझं." त्यांनी जावयाच्या खांद्यावर थाप मारली. मग मुलीकडे वळले. "आणि तू गं? नुसती बाजूला उभी होतीस. शीक काहीतरी नवऱ्याकडून!"

डॉक्टरीणबाई गोड हसल्या. वडिलांना जिन्यापर्यंत सोडून आल्या. पुढच्या आठवड्यात पक्कं सिमेंट भरायला यायचं मास्तरांनी आनंदाने कबूल केलं होतं, मशीन मात्र तीन नंबरचंच हवं, ही त्यांची अट होती.

ती परत आली तेव्हा डॉक्टर तिसऱ्या ॲपचे पैसे भरून मोकळे झाले होते आणि तुटलेली तार बदलत होते. जगजेत्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

"ऐकलंस ना बाबा काय म्हणाले?" ते म्हणाले. "हात काय हलका!"

"ऐकलं. म्हणूनच म्हणते, पुढच्या आठवड्यात सिमेंट तूच भर. गिटार मी वाजवीन."

डॉक्टर खदखदून हसले. "तू? अगं, तुला कुठे येते गिटार?"

"नाहीच येत," बायको शांतपणे म्हणाली. "पण आज संपूर्ण वेळ शेजारी उभी राहून ऐकलं मी. तुला तरी कुठे येते?"